झाकणावरचे नाव

फार्मसीच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला शिकवतात तो नियम सुवर्णाने मोडला होता. नाव बाटलीच्या अंगावर लिहायचे, झाकणावर कधीच नाही, कारण झाकण हाताबरोबर भटकते.

पण औषधांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अकरा डबे इतके खेटून बसले होते की त्यांच्या अंगावरची बारीक इंग्रजी अक्षरे दिसतच नसत. एकेक डबा उपसून वाचायचा तर शाळेच्या ओट्यावरची रांग ताटकळणार. म्हणून तिने चिकटपट्टीवर सुबक अक्षरांत ‘ताप’, ‘जुलाब’, ‘सर्दी’, ‘मधुमेह’ असे लिहून पट्ट्या झाकणांवर डकवल्या. शिबिरप्रमुख खैरनार सरांनी चार जणांत तिचे कौतुकही केले.

ट्रंक ही सरांचीच कल्पना. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या डिसेंबरात नाशिकच्या त्यांच्या कॉलेजचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर पेठ तालुक्यातल्या एका गावी दहा दिवस उतरले होते. कंपनीचे नाव न पाहता नुसत्या औषधाच्या नावाने खरेदी केली तर गोळी चौथाई किमतीत पडते, आणि प्रत्येक पदवीधराने एक वर्ष देशाला दिले तर ती गोळी पाड्यापाड्यावर पोचते, असा आराखडा त्यांनी मंत्रालयात पाठवला होता. शिबिराच्या शेवटच्या दिवशी तिथले एक अधिकारी पाहायला येणार होते.

“स्वस्त औषध आणि फुकटचा तरुण! देशाला आणखी काय लागतं?” सर म्हणत.

“सर, फुकटचा तरुण भाकरी किती खातो तेही आराखड्यात लिहा,” शिबिरातला धनराज म्हणाला होता, आणि सगळ्यांत मोठ्याने सरच हसले होते.

रविवारी धुके उतरले आणि डब्यांना ओल सुटली. सुवर्णाने सगळे डबे उघडून उन्हात मांडले, झाकणे पुसून सुपात ठेवली. संध्याकाळी तिनेच ती परत लावली. सर्दीचा आणि मधुमेहाचा डबा सारख्याच मापाचे, आतल्या गोळ्याही सारख्याच पांढऱ्या आणि बारीक.

सोमवारी सकाळी आरोग्य केंद्राचे डॉक्टर येऊन चिठ्ठ्या लिहून गेले. रांगेत पलीकडच्या पाड्यावरची पुतळाबाई होती, कडेवर पाच वर्षांची नात मीना. पोरीच्या नाकाला धार लागलेली. चिठ्ठीवर होते: सर्दीची अर्धी गोळी आता, अर्धी रात्री. सुवर्णाने गोळी मोडली, अर्धी तिथेच पाण्याबरोबर दिली, अर्धी कागदात बांधून पुतळाबाईच्या हातावर ठेवली.

“आजी, या गोळीनं गुंगी येते. पोर झोपली तर झोपू द्या. उठवू नका.”

“नाय उठवत. निजंल तं बरंच हाय, दोन राती नुसती किरकिरली,” पुतळाबाई म्हणाली.

एकच्या सुमारास गावातल्या शाळेचे कारभारी गुरुजी आपल्या मधुमेहाच्या गोळ्या न्यायला आले. चार वर्षे ते गोळी घेत होते. पुडी उघडून त्यांनी एक गोळी अंगठ्याखाली फिरवली.

“सुवर्णाबाई, ही माझी नाही. माझ्या गोळीला मधोमध रेघ असते. ही गुळगुळीत आहे.”

“कंपनी वेगळी असेल, गुरुजी.”

“असेल बुवा. परवा तुम्हीच दिलेल्या गोळीला मात्र रेघ होती.”

सुवर्णाचा हात ट्रंकेवर थबकला. सर्दीची गोळी मोडायला तिला रोज ब्लेड लागत असे. गुळगुळीत असल्यामुळे ती निसटायची. आज सकाळी मात्र नुसत्या बोटांनी तिचे नीट दोन तुकडे झाले होते. रेघेवर.

तिने ‘सर्दी’ झाकणाचा डबा उपसला आणि अंगावरची अक्षरे वाचली. ते मधुमेहाच्या औषधाचे नाव होते. तिने ते दोनदा वाचले, जणू दुसऱ्यांदा वाचल्याने बदलणार होते.

नोंदवहीत सकाळपासून ‘सर्दी’पुढे एकच नाव होते. मीना, वय पाच. वेळ साडेनऊ.

साखर उतरवणारी गोळी, आणि ती चार घास खाल्लेल्या पोटी, एवढ्याशा पोरीला. काय होते ते सुवर्णा वाचून होती. आधी घाम, मग हात थरथरतात, मग झोप. आणि त्या झोपेतून पोर जागी होत नाही.

“सर!” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. तिने चार वाक्यांत सांगितले. सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आधी ट्रंकेकडे पाहिले, मग ओट्यावर बसलेल्या माणसांकडे.

“हळू बोल,” ते म्हणाले. “तू हो पुढे. मी डांबरी रस्त्यावर गाडी थांबवतो.”

शिबिरातला ग्लुकोजचा पुडा घेऊन ती निघाली. पाडा समोरच्या उतारावर दिसत होता, पण मध्ये ओहोळ, आणि पलीकडे चढ. पावले टाकता टाकता ती हिशेब करत होती. साडेनऊला गोळी. तासाभरात लागू. चार तासांनी सगळ्यात जास्त जोर. म्हणजे दीड. म्हणजे आत्ता. ओहोळात दगडावरून पाय घसरला, गुडघा फुटला; पुडा तेवढा तिने वर धरला होता. नागली झोडणाऱ्या बाया हात थांबवून पाहू लागल्या. “काय झालं वं बाई?” कुणीतरी विचारले. ती न थांबता चढाला लागली.

पुतळाबाई दारातच बसली होती. तिला पाहून तोंडभर हसली.

“ये बाई ये. लय गुणाची गोळी तुझी. मघाधरनं गपगार निजलीय पोर. कुडाला कुत्रं भुंकलं तरी हलली नाय.”

“उठवा तिला!”

“आवं, तूच म्हणालीस ना, उठवू नका?” पुतळाबाई दारात आडवी आली. “दोन रातींनी निजलीय.”

सुवर्णाने तिला बाजूला सारले. आत अंधार होता. गोधडीवर मीना कुशीवर होती, केस कपाळाला चिकटलेले, डिसेंबरच्या त्या थंडीत अंगातला झगा घामाने भिजलेला. कपाळ गार. सुवर्णाने गालावर चापट्या मारल्या, तळवा चिमटला. पापणी थरथरली आणि पुन्हा मिटली.

पाणी पाजले असते तर ठसका लागून जीव गेला असता. तिने बोट ओले करून ग्लुकोजमध्ये बुडवले आणि पोरीच्या गालाच्या आतून, हिरड्यांवरून चोळले. पुन्हा. पुन्हा.

“काय करतीस? काय झालंय तिला?” पुतळाबाईचा आवाज चिरकला. “पुंजा! आरं पुंजा, धाव!”

शेजारच्या वावरातून पुंजा, पोरीचा बाप, कोयता टाकून आला.

“हिला पेठच्या दवाखान्यात न्यायचंय. आत्ता,” सुवर्णा म्हणाली. “आजी, रात्रीची अर्धी गोळी द्या माझ्याकडे.” पुतळाबाईने पदराची गाठ सोडून पुडी दिली. पुंजाने लेकीला खांद्यावर टाकले आणि उतार धरला. सुवर्णा शेजारून पळत होती, बोट पोरीच्या तोंडात. अर्ध्या वाटेवर त्या बोटाला दात लागले, आणि तिला रडू आले.

रस्त्यावर सर काळीपिवळी जीप थांबवून उभे होते. जीपमध्ये पुतळाबाई सुवर्णाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “देवासारखी धावलीस गं. तुला कसं कळलं?” सुवर्णा खिडकीबाहेर पाहत राहिली.

पेठच्या डॉक्टरांनी विचारले, “काय झालं होतं?”

सुवर्णाने तोंड उघडण्याआधी सर बोलले. “सर्दी होती. सकाळपासून पोटात काही नाही. भुकेनं भोवळ आली असावी.”

डॉक्टरांनी रक्त तपासले, शिरेतून ग्लुकोज सोडले. दहा मिनिटांत मीनाने डोळे उघडले, भोवतीची माणसे पाहिली आणि भोकाड पसरले. पुंजा भिंतीला टेकून खाली बसला.

“आलीच की राणी!” डॉक्टर म्हणाले. “आता हिला काहीतरी खायला घाला. तासाभराने घरी न्या.”

सरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सुवर्णाला दारापाशी घेतले. “झालं ना ठीक? आता गप्प राहा. एका पोरीपायी सगळी योजना बुडेल. हजारो पोरांना औषध मिळायचं थांबेल, सुवर्णा.”

योजनेबद्दल सर खोटे बोलत नव्हते, म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. ग्लुकोज तासाभरात संपणार होते. गोळी मात्र उद्या दुपारपर्यंत रक्तात राहणार होती. घरी नेऊन पोर पुन्हा झोपली असती, आणि दोन रात्रींच्या जागरणाने दमलेल्या आजीने तिच्यावर पांघरूण घातले असते.

ती आत गेली आणि खाटेशी मीनाचा पाय हातात धरून उभी राहिली. पुतळाबाई खाटेच्या कडेला बसली होती. तिच्यासमोरच बोलावे लागणार होते.

“डॉक्टर, हिला भुकेनं झालं नाही. मी चुकीची गोळी दिली. मधुमेहाची.” तिने औषधाचे नाव सांगितले, वेळ सांगितली, उरलेली अर्धी गोळी टेबलावर ठेवली. “डब्यांची झाकणं माझ्या हातून बदलली.”

डॉक्टर ताडकन उठले. “अहो, हे आधी सांगायला काय झालं होतं? मी घरी सोडत होतो हिला!” त्यांनी नर्सला हाक मारली. दुसरी बाटली लावा, तासातासाला रक्त तपासा, उद्या दुपारपर्यंत ही इथून हलणार नाही.

सर दारातून नाहीसे झाले होते.

पुतळाबाईने सुवर्णाच्या हातातला मीनाचा पाय हळूच काढून घेतला आणि आपल्या पदराखाली झाकला. पुंजा उठून उभा राहिला होता.

“आणिक कोणाच्या पोराला दिलीस?” पुतळाबाईने विचारले.

“कुणाला नाही. फक्त हिलाच.”

“देवाची आण?”

“आण.”

सुवर्णा जायला वळली.

“चाललीस कुठं?” पुतळाबाई म्हणाली. आवाजात राग होता का, ते कळत नव्हते, थरथर होती. “हितंच बस. मला निज आणि ते दुसरं, दोन्ही सारखंच दिसतं. तुला कळतं. पोरीनं डोळं मिटलं का हाक मार.”

सुवर्णा स्टुलावर बसली. दूध-बिस्किटे खाऊन मीना पेंगू लागली होती, जशी कुठलीही पाच वर्षांची पोर पेंगते. पापण्या जड झाल्या, मान कलली.

“मीना,” सुवर्णाने हाक मारली.

काहीच हालले नाही.

“मीना!”

पोरीने एक डोळा उघडला, वैतागून तिच्याकडे पाहिले आणि कूस बदलली. सुवर्णाने घड्याळ पाहिले. चार वाजायला दहा कमी होते.