दगडावरची रिकामी ओळ

मी एक जुने आडनाव आहे. इसबिस्टर. मित्रांनो, ऐकायला भारदस्त वाटते, पण हजारेक वर्षांपूर्वी नॉर्वेहून होड्यांतून स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर आलेल्यांच्या भाषेत माझा अर्थ 'पूर्वेकडचे शेत' एवढाच होता. त्या शेतात जो राबेल, त्याला मी चिकटत असे.

माझी माणसे मात्र खमकी निघाली. एक इसबिस्टर देवमाशांच्या मागे उत्तरेला गेला आणि दोन बोटे तिकडेच ठेवून आला. दुसऱ्याने कॅनडात हडसनच्या उपसागरावर अकरा हिवाळे काढले. बार्बरा इसबिस्टरने बांधलेली एकही होडी बुडाली नाही. तिचे नाव बेटावर अजून निघते.

पुढे पुरुष शहरांकडे गेले, मुली लग्न होऊन गेल्या. बेटावर माझी एकच धनीण उरली, एक्क्याऐंशी वर्षांची थोरा. तीही साठ वर्षे सर्वांसाठी थोरा ड्रेव्हर. तिच्या नवऱ्याच्या थडग्याच्या दगडावर तिच्यासाठी एक ओळ रिकामी ठेवली होती. इथे बाईचे माहेरचे आडनाव दगडावर कोरतात. तेवढीच माझी आशा.

गेल्या उन्हाळ्यात तिचा मुलगा एर्लंड शहरातून आला. दोघे थडग्यापाशी गेले, तेव्हा पाथरवट रॉनल्ड तिथेच काम करत होता.

"आई, तुझ्या ओळीत नुसतं थोरा ड्रेव्हर पुरे. इसबिस्टर आता कोणाला ठाऊक आहे?"

"म्हणून तर कोरायचं."

"नातवंडांना वाटेल, आजोबांच्या शेजारी ही भलतीच बाई कोण."

"मग विचारतील. तोंडं आहेत त्यांना."

"बरं, तुझ्या माघारी बघू काय ते."

मी हादरले. तिच्या माघारी ती ओळ एर्लंडच्या हाती जाणार होती. थोरालाही ते कळले. ती रॉनल्डकडे वळली.

"आजच कोर."

"काकू, तारीख कुठली घालू?"

"ती जागा सोड. तुला घाई आहे का?"

"मला कसली?"

"मलाही नाही."

एर्लंडला हसू आवरेना. आखणीच्या दोरीचे दुसरे टोक शेवटी त्यानेच धरले. थोराने चष्मा लावून अक्षर न् अक्षर तपासले. "खोल कोर. इथल्या दगडाचे पापुद्रे सुटतात."

थोरा अजून आहे. माझ्या अक्षरांत साचलेले शेवाळ ती काडीने काढते. समुद्राचा खारा वारा रोज येतो. येऊ दे. मी इथून हलणार नाही.

मित्रांनो, मला कीव नको. तुमच्या आजीला तिचे माहेरचे आडनाव विचारा. तिच्या माघारी नाही, आजच. आणि लिहाल तेव्हा खोल लिहा.