न बोलावलेली टोळी

आमचे हे लंबासाला ऊसतोडीच्या टोळीचे सरदार होते. जमिनीचा भाडेपट्टा संपला, आम्ही फिजी सोडून न्यूझीलंडला, हॅमिल्टनमध्ये मुलाच्या घरी आलो, तरी सरदारकी काही उतरली नाही. दर शनिवारी गॅरेजात चटई अंथरायची, नंगोन्याचं, म्हणजे झिंग आणणाऱ्या मुळीच्या पाण्याचं, भांडं मधे ठेवायचं आणि ते पीत पीत मुन्सामी आणि इसाकला एकेकाळी किती ट्रक भरले ते ऐकवायचं. दोघं त्याच टोळीतले. ट्रक त्यांनीच भरले होते, हे नुसते बांधावर उभे राहून ओरडायचे.

मागच्या अंगणात मी ऊस लावला तेव्हा या तिघांनी पोटभर हसून घेतलं.

"हिला कुणीतरी सांगा, इथे फक्त गवत उगवतं आणि मेंढ्या," हे म्हणाले.

"वहिनी, गाळप कधी? मिलला कळवायचं का?" इसाकने विचारलं.

हसा म्हटलं. बेणं ऑकलंडच्या एका बाईकडून मांडीवर घेऊन आणलं होतं. दिवसभर ऊन खाणारी विटांची भिंत बघून तिच्याशी लावलं. थंडीत बुंध्याशी पाचट रचलं, त्यावर जुन्या रजया, वर प्लास्टिक. सरदारसाहेबांनी पाण्याची एक बादली उचलली असेल तर शपथ. जन्मभर यांच्या टोळीला रांधून घातलं, पण त्या उसातलं एक कांडं माझं नव्हतं. जमीन दुसऱ्याची, ऊस मिलचा, नाव यांचं. हा मात्र माझा होता. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत तो माझ्या डोक्यावर गेला. नोव्हेंबरात देवउठनी एकादशीला तुळशीभोवती माझा स्वतःचा ऊस उभा करायचा, दुकानातला सोललेला, बर्फातला नाही, एवढंच मला हवं होतं.

जूनमधल्या एका शनिवारी मी देवळात गेले. इथला जून म्हणजे कडाक्याची थंडी. माझ्या मागे घरी रेडिओवर लंबासाची मिल सुरू झाल्याची बातमी लागली आणि सरदारांचे हात शिवशिवले. परत येते तो अंगण मोकळं. ऊस तिकडच्या रीतीने पार जमिनीसरशी तोडलेला, पाचट आणि रजया कुंपणाकडे भिरकावलेल्या, आणि तिघं चटईवर बसून माझा ऊस खातायत.

"बघ, याला तोड म्हणतात," हे कोयता पुसत म्हणाले. "जून लागला की ऊस उभा ठेवायचा नसतो. आता बुडख्यातून खोडवा कसा फुटतो बघ."

"तिकडे फुटतो. इथे उद्या सकाळी गवतावर बर्फ असेल."

"तू मला ऊस शिकवणार? जा, मासळी टाक. ज्याचं शेत तोडलं त्याच्या घरी टोळीचं जेवण. रिवाज आहे."

रिवाज म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मुन्सामीभैया, तुम्हीच सांगा. शेतकऱ्याने बोलावल्याशिवाय टोळी शेतात उतरली, तर तिकडे सरदाराचं काय करायचे?"

मुन्सामी हातातल्या चोथ्याकडे बघत बसला.

"सांगा ना."

"सरदारकी काढून घ्यायचे, वहिनी."

"शेतकरी मी. मी बोलावलं होतं?"

इसाकने तोंडातला घास रुमालात थुंकला आणि तो यांच्याकडे वळला. "सुमेर, तू तर म्हणालास वहिनींनीच सांगितलंय."

एरवी यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, आणि आता हे चटईचा काठ सरळ करत होते. असला सरदार! दोघांनी चपला घातल्या. मुन्सामी जाताना मला "माफ करा" म्हणाला, यांच्याकडे त्याने बघितलंही नाही. पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हे मात्र चटई अंथरून बसतात.

बुडखे पहिल्या आठवड्यातच मेले. मी नखाने खरवडून बघितलं, आत काळं पडलं होतं आणि आंबूस वास येत होता. यांना ते कळलेलं नाही. टोळी चालवणाऱ्याला कळायला हवं होतं. आता हे रोज संध्याकाळी स्वतःचं लोकरी ब्लँकेट घेऊन अंगणात जातात, गुडघा धरून वाकतात आणि बुडख्यांवर पांघरतात. रात्री स्वतः कुडकुडतात.

काल आत येऊन हात चोळत विचारत होते, "एकादशीपर्यंत फुटेल ना गं?"

"फुटेल की," मी म्हटलं. "झाकत राहा."