दाजींची काहील

"आता ही बघ," असं म्हणत दाजींनी आक्काची सांडशी हौदात सोडली. डुबुक आवाज झाला आणि सांडशी तळाशी गेली. तिच्याआधी अडकित्ता गेला होता, विळा गेला होता, आणि आता दाजींची नजर माझ्या मोटारसायकलच्या किल्लीवर होती. मी ती गुपचूप खिशात घातली.

"बुडाली का न्हाई?"

"बुडाली, दाजी."

"मंग! वीतभर लोखंड बुडतंय अन् डोंगरायेवढं लोखंड तरंगतंय मनतात. कावून तरंगंल बे? त्याला काय देवीनं वरदान दिलंय का?"

आतून आक्का ओरडली, "अवो, दूध उतू चाललंय! पातेलं कशानं उतरवू, तुमच्या मिशीनं?"

ज्ञानोबा दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, पारूआक्काचे यजमान. युसूफ वडगावच्या शिवारात त्यांचं गुऱ्हाळ आहे. उसाचा रस भल्यामोठ्या लोखंडी काहिलीत कढवायचा आणि त्याचा गूळ पाडायचा, यात त्यांची हयात गेली. माणूस सोन्यासारखा, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव खाली आला तरी ऐकायचे नाहीत. सध्या त्यांच्या डोक्यात जहाज होतं.

त्याला कारण त्यांची एकुलती एक लेक. तेजश्रीने डिप्लोमा केला आणि कुणाला कळायच्या आत मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात शिकाऊ म्हणून निवडलीही गेली. सोमवारी हजर व्हायचं होतं. आक्का पहिल्याच दिवशी तयार झाली. "पोरीनं चूल फुकण्यापरीस इंजिन चालवलेलं लई बरं," म्हणाली. पण तेजू बापाची लेक. "अप्पा व्हय मनले तरच जाते, न्हाई तर न्हाई," असं तिने सांगून टाकलं, आणि अप्पा गेला आठवडाभर घरातलं लोखंड बुडवून दाखवत होते.

म्हणून आक्काने मला फोन करून बोलावलं. मी केजला शाळेत कारकून. शाळेत नोकरी म्हणजे सगळं विज्ञान येत असणार, असा आमच्या आक्काचा समज. मी रिकामा तांब्या घेतला आणि हौदात अलगद सोडला. तांब्या छान तरंगला.

"बघा दाजी. पोकळ असलं की तरंगतं."

"पोकळ तर तुजं डोस्कं बी हाय. उडी मार बरं हौदात!" दाजींनी तांब्याला बोटाने टिचकी मारली. तांब्या कलंडला, एक घोट पाणी प्याला आणि सांडशीच्या शेजारी जाऊन बसला. "समुद्रात लाटा असत्यात मनं. त्या काय टिचकीपरीस हलक्या असत्यात का?"

"घरचं झालं थोडं अन् येवायानं धाडलं घोडं," आक्का माझ्याकडे बघत म्हणाली. "तांब्या बी घालवला!"

तेव्हा तेजू बाहेर आली. "अप्पा, तुमी लोखंडाकडं बघू नका, पाण्याकडं बघा," ती म्हणाली. "एखादी चीज पाण्यात उतरली की पाण्याला सरकावं लागतं. जेवढं पाणी सरकलं, तेवढ्या वजनाचा जोर लावून पाणी तिला वर ढकलतं. अडकित्ता चिमूटभर पाणी सरकवतो, त्याला ढकलणार कोण? जहाज तळंच्या तळं सरकवतं. त्याच्या पोटात हवा, भवती लोखंडाचा पत्रा. आपली काहील कशी असती, तसं."

"काहिलीचं नाव काढू नको."

"कावून न काढू? चार गडी लागत्यात उचलायला. ती तरंगली तर?"

दाजींनी हातातला चिमटा बुडवता बुडवता थांबवला. "ती तरंगली," ते म्हणाले, "तर तू जा जहाजावर. अन् बुडाली तर पुन्हा हा विषय न्हाई."

"कबूल!"

"हातच्या काकणाला आरसा कशाला," आक्का म्हणाली आणि चिमटा काढून घेतला.

शुक्रवारी सकाळी धरणाच्या पाण्यात काहील उतरवायचं ठरलं. गावभर बातमी झाली. आमच्याकडे बातमीला पाय फुटत नाहीत, सरळ चाकंच लागतात. तात्याबा पैलवान तर येता-जाता दाजींना विचारू लागला, "गुळव्या, तिकीट काय ठिवलंय?"

गुरुवारी संध्याकाळी मी गुऱ्हाळावर गेलो, तर दाजी पालथ्या काहिलीजवळ गुडघ्यावर बसले होते. बुडाला चिंचोक्याएवढं भोक होतं. केजला नेऊन वेल्डिंग करायला वेळ नव्हता. दाजी वाटीत गूळ आणि चुना कालवत होते आणि ते लुकण बोटाने भोकात दाबत होते.

मी चक्रावलो. "दाजी, भोक राहू द्या की! काहील बुडाली तर पोरगी घरी राहील. तुम्हाला तेच पाहिजे ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच गुऱ्हाळातला गूळ चोरलाय. "ज्ञानोबाची काहील गळकी हाय असं गावानं मनायचं व्हय? पोरगी पोरगीच्या जागी, काहील काहिलीच्या जागी. हे वडिलांनी शिकवलेलं लुकण हाय, पोलादाला हटणार न्हाई."

आता अशा माणसाला काय सांगावं? मी वाटी धरून बसलो.

शुक्रवारी ट्रॅक्टरमधून काहील पाण्यावर आली. काठावर निम्मं गाव. दाजींनी काहिलीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. चौघांनी तिला पाण्यात लोटलं, दावं बांधून एक टोक तात्याबाच्या हातात दिलं. काहील नुसती तरंगली नाही, झुलायला लागली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तेजूने आनंदाने माझा दंड असा आवळला की दोन दिवस दुखत होता.

"रिकामी तरंगली!" दाजी ओरडले. "जहाजात मानसं असत्यात, माल असतोय. मानूस बसल्याशिवाय मी मानत न्हाई."

"मंग बसा की," आक्का म्हणाली.

इथे खरी पंचाईत झाली. काहील म्हणजे लक्ष्मी. तीत पाय ठेवायचा नाही हा दाजींचा नेम इतका कडक, की काहील घासायची तरी ते बाहेर ओणवे राहून घासत. शेवटी त्यांनी पाय तीनदा धुतले, कान धरले, "माय, माफी कर," म्हणाले आणि मांडी घालून मधोमध बसले. काहील थोडी खाली गेली आणि थांबली. दाजी एकदम पाण्यावरचे राजे झाले.

"आयला, तरंगतीय की!" त्यांचं तोंड हळूहळू उजळलं. "तेजे, हे पानी खालून रेटतंय बग! बुडाला लागतंय मला! तात्याबा, सोड दावं अजून!"

तात्याबाने दावं सोडलं. दाजी आत गेले, हात हलवू लागले, एक ओवीही म्हणाले. मग ओवी मध्येच थांबली. दाजींनी मांडीखाली हात घातला, बोटं बाहेर काढली, जिभेला लावली.

"गोड लागतंय," ते म्हणाले.

लुकण विरघळलं होतं. काठावर हसण्याचा असा कल्लोळ उठला की बगळे उडाले. पाणी आत येऊ लागलं, काहील जडावू लागली, दाजी ओंजळीने पाणी बाहेर टाकू लागले. एक ओंजळ बाहेर, दोन आत. शेवटी काहिलीने एका कडेने पाणी घेतलं आणि ती शांतपणे खाली बसली. पाणी कमरेएवढंच होतं. दाजी उभे राहिले. टोपी पाण्यावरून पुढे चालली होती.

तात्याबा पोट धरून म्हणाला, "बुडाली रं बुडाली! गुळव्या, शर्त जिंकलास! पोरगी आता कुठं जात न्हाई!"

मी तेजूकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिने ओढणीचं टोक दातात धरलं होतं. शब्द दिला होता ना तिने. ती मागे वळली आणि ट्रॅक्टरकडे चालू लागली.

दाजी पाण्यात तसेच उभे होते. त्यांनी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. पोरगी घरी राहिली असती, आणि काहिलीलाही कुणी नाव ठेवलं नसतं, कारण लोखंड बुडतं हे तर ते पहिल्यापासूनच सांगत होते. मला वाटलं, आता हा गृहस्थ मिशीला पीळ देणार.

"तेजे, थांब!" दाजी ओरडले. आवाज फाटला होता. "काहील बुडाली न्हाई. काहील तरंगतच हुती. तिला भोक हुतं. मी लुकण लावलं अन् माजं लुकण कच्चं निगालं. आयकलं का रे सगळ्यांनी? ज्ञानोबाची काहील गळकी हाय!"

कुणी हसलं नाही. तात्याबाने दावं ओढायचं सोडून खाली मान घातली.

दाजी चिखल तुडवत काठाला आले आणि लेकीसमोर उभे राहिले. "तुज्या जहाजाला असं भोक पडलं तर?"

"जहाजाच्या पोटात कप्पे असत्यात, अप्पा. एकात पानी शिरलं तरी बाकीचे कोरडे. अन् कुठं गळतंय का ते बगायला मानसं असत्यात." ती थांबली. "आता मी बी असंल."

दाजींनी ओल्या बाहीने तोंड पुसलं. "लई भ्या वाटतंय गं मला," ते म्हणाले. "एकच हायस तू. पर जा."

रविवारी दुपारी तेजूला बसवून द्यायला आम्ही हायवेवरच्या मांजरसुंब्याला गेलो. मुंबईची ट्रॅव्हल्स ढाब्यासमोर थांबली. आक्काने लाडू दिले, डोळे पुसले, पुन्हा लाडू दिले. दाजी मात्र बसभोवती फिरून, वाकून, चाकांच्या मधून खाली बघून आले. क्लीनर म्हणाला, "काका, काय हरपलं?" दाजी पुढच्या चाकाखाली वाकले.

तेजू खिडकीत बसली. गाडी सुरू झाली तशी दाजी खिडकीखाली आले आणि आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडले, "तेजे, रोज तळ बगत जा गं! कुनी बगितला मनलं तरी तू सोता बग! कुनाच्या लुकणावर इसंबू नको!"

आतले दोघे-तिघे हसले. तेजू हसली नाही. "बगते, अप्पा," म्हणाली.

दाजींनी बसच्या पत्र्यावर हात टेकला. गाडी हलली, पत्रा हाताखालून सरकत गेला, लाल दिवे वळणाआड गेले. धूळ खाली बसली, ढाब्यावरचा पोऱ्या चहा विचारून गेला. दाजींचा तळहात अजून तसाच, समोर, हवेत टेकलेला होता. आक्काने तो हात धरून हळूच खाली घेतला.