उलट्या नळीतला कोळसा

मी कोळशाचा कण बोलतोय. आहे तिळाएवढा, पण वय ऐकाल तर तोंडात बोट घालाल! सहा हजार वर्षं मी तळ्याच्या गाळात काढली.

त्याआधी मी रानात होतो, एका झाडाची फांदी म्हणून. लागोपाठ दुष्काळ पडले, त्यात खोडकिडा. उभं रान वाळलं, गवत माजलं. मग एक बाई आली, मला मोडून नेलं, जाळ केला आणि कुडकुडणाऱ्या तान्ह्याला ऊब दिली. खरं सांगतो, जळताना मला जराही वाईट वाटलं नाही. अशा कितीतरी शेकोट्यांचे कोळसे तळ्यात वाहून आले. पुढे रानही परतलं. म्हणून गाळात खाली रानातून उडून आलेले झाडांचे पराग, त्यावर गवताचे, मग आम्ही कोळसे, वर पुन्हा झाडांचे.

एका संशोधकाने तळ्यात लांब नळी खुपसून आम्हाला बाहेर काढलं. होडी डुलत होती, घाई झाली, आणि नळीवर 'वर' लिहिलं ते नेमकं खालच्या टोकाला! झालं. आधी आग, मग रान गेलं, असं दिसू लागलं. "माणसानंच जाळलं," असं त्यांनी पुस्तकात लिहिलं, तीस वर्षं तावातावाने शिकवलं. मी नळ्या जपून ठेवायच्या थंड खोलीत चडफडत पडलो. कोळशाचं ऐकतो कोण?

परवा त्यांच्या लेकीने, तीही याच कामातली, नळी पुन्हा उघडली आणि चपापली. गाळातली लव्हाळ्याची मुळं 'वर' लिहिलेल्या टोकाकडे तोंड करून होती. पुस्तकाची नवी आवृत्ती तर छापायला निघालेली! तिने वडिलांना बोलावून घेतलं. काठी टेकत आले बिचारे.

"बाबा, मुळं कधी वर वाढतात का हो?"

त्यांनी भिंग काढलं आणि एकेक मूळ तपासलं.

"म्हणजे तीस वर्षं मी उगाच त्या काळच्या माणसांच्या नावानं बोटं मोडली," ते म्हणाले.

"कुणाला कळणार नाही, बाबा. मी गप्प बसते."

"वेडी आहेस का? आधी छपाई थांबव!"

माणसं रानं जाळत नाहीत, असं मी म्हणणार नाही. आजही जाळता तुम्ही. पण जे केलं नाही, ते तरी कुणाच्या माथी मारू नका, एवढंच मागणं.

त्यांनी जुनं 'वर' खोडलं, दुसऱ्या टोकाला लिहिलं. मग भिंगातून माझ्याकडे बघत हलकेच म्हणाले, "चुकलो हो. माफ करा."

ते शब्द त्या बाईसाठी होते. ती नाही, म्हणून तिच्या वतीने मीच ऐकून घेतले.