न उघडलेल्या अकरा गोळ्या

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच्या आदल्या वर्षीची, म्हणजे २०२२ सालची ही गोष्ट. त्या साली गावात पुष्कळ काही झालं असेल, पण पंचफुलाला विचाराल तर तिला फक्त गोळ्या आठवतात.

तिचा नवरा भगवंतराव नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला. त्याच्या मोठ्या आतड्याला जखमा होत्या. नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीवर त्याची चार वर्षं बरी गेली होती. एकुलती एक लेक प्रणाली औषधांचं शिक्षण घेऊन बोरगावच्या एका कारखान्यात लागली होती आणि सौंसरला खोली घेऊन राहत होती. गोळीवर लेप कसा आणि किती चढवायचा, हे ठरवण्याचं तिचं काम.

"आई, पोटात आंबट पाणी असते," तिने एकदा समजावलं होतं. "साधी गोळी तिथंच विरघळते. बाबाची जखम तं पार खाली. तिथवर गोळी बंद राहिली पाहिजे, अन् तिथं गेल्यावर उघडली पाहिजे. म्हणून आंबटात न विरघळणारा लेप लावतो आमी."

"म्हणजे सरकी घोळणं," पंचफुला म्हणाली. लग्न होऊन आली तेव्हा पेरणीच्या आधी लोकांच्या वावरात बसून ती शेणमातीत सरकी घोळायची. कोपरापर्यंत हात माखायचे, बाया गाणी म्हणायच्या आणि मालकीणबाई लांबूनच पाणी ओतायची. "ओल लागल्याबिगर ते बी फुटत नाई."

"तसंच. फक्त शेण नाई लावत आमी," प्रणाली हसली.

दोन वर्षं खपून तिने केलेल्या लेपाची गोळी त्या फेब्रुवारीत बाजारात आली. भगवंतरावाने डॉक्टरांपाशी धोशाच लावला. औषध तेच आहे, घ्या, डॉक्टर म्हणाले. मग काय! दुकानात, चौकात, जो भेटेल त्याला तो डबी दाखवायचा.

"दादा, तू औषध घेऊन राहिला का जाहिरात करून राहिला?" सावरगावहून आलेला त्याचा धाकटा भाऊ चिंधू चिडवायचा.

"तुह्या पोरानं एखादी बनवली तं तिचीबी जाहिरात करीन," भगवंतराव म्हणायचा. चिंधूचं पोरगं दिवसभर पुलावर रिकामं बसायचं.

मे महिन्यात जुलाब पुन्हा सुरू झाले, मग रक्त. जूनमध्ये भगवंतरावाला उठवेना. पंचफुलाने खाटेशेजारी भांडं ठेवलं. ते धुताना एका सकाळी तिला तळाशी विटकरी रंगाची गोळी दिसली, गिळली तशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिने ती धुतली आणि अडकित्त्यात धरून कापली. आत कोरडी पांढरी भुकटी. ओलसुद्धा पोचली नव्हती.

तिने ते दोन तुकडे नवऱ्यापुढे धरले. त्याने पाहिलं आणि मान फिरवली.

"मले माहीत हाय. महिना झाला पाहून राहिलो."

"अन् बोलले नाई?"

"प्रणालीले सांगू नोको, तुले माही शपथ हाय. आताच साहेबानं तिच्या हाताखाली चार माणसं दिली. आपल्यातली पयली पोरगी हाय ते तिथं. बापाच्याच पोटात तिची गोळी उघडत नाई म्हणून सांगू का तिले? नागपूरले गेलो का गुपचूप जुनी लिहून आणतो."

पण नागपूरला त्याला एकट्याने जाववत नव्हतं, आणि सोबत यायची ती प्रणालीच. जाणं लांबत राहिलं. पंचफुला निघालेल्या गोळ्या धुऊन एका डबीत ठेवू लागली. टाकवत नव्हत्या, म्हणून.

जुलैत प्रणाली आली. बाप इतका वाळलेला पाहून ती घाबरली.

"बाबा, गोळी लागू पडून राहिली ना?"

"एकदम फस्ट क्लास. हे बाहेरचं काही खाल्लं, त्याचं हाय."

पंचफुलाला राहवलं नाही. "बाई, गोळी कधी बाहेर येते का वं?"

"येते कधी कधी," प्रणाली बॅगेतून केळी काढत म्हणाली. "नुसतं साल असते, आई. आतलं औषध उतरलेलं असते. घाबरू नको."

भगवंतराव खाटेवरून बायकोकडे पाहत होता. साल नाही गं, भरलेली असते, एवढंच बोलायचं होतं. पंचफुला चहा ठेवायला आत गेली.

पोळ्याच्या चार दिवस आधी रक्त थांबेना. चिंधूने गाडी आणली, नागपूर गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, "औषध घेत होते ना?"

"एकबी चुकवली नाई," पंचफुला म्हणाली. ते खरंच होतं. प्रणाली शेजारीच उभी होती. ऑपरेशन झालं, आतडं काढलं, पण अंगात काही उरलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी भगवंतराव गेला.

बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले, तेव्हा पंचफुलाने डबी लेकीच्या हातात दिली. प्रणालीने गोळ्या मोजल्या. अकरा. वर ते दोन तुकडे. ती पहिल्या बसने बोरगावला गेली.

कारखान्यातल्या चाचणीत तिची गोळी दोन तास आंबट पाण्यात टिकायची आणि बिनआंबट पाण्यात पाऊण तासात उघडायची. निरोगी आतड्याला ते माप बरोबर होतं. दुखऱ्या आतड्यात थोडा आंबूसपणा उरतो आणि जुलाबात सगळं भराभर पुढे सरकतं. प्रणालीने थोडं आंबूस पाणी केलं आणि दोन नव्या गोळ्या सोडल्या. संध्याकाळपर्यंत त्या ढवळत्या पाण्यात तशाच फिरत राहिल्या. लेप तिनेच जाड केला होता, वाटेत लवकर फुटू नये म्हणून.

ती घरी आली आणि दारातच उभी राहिली.

"आई, मी साल म्हटलं, तवा तुले माहीत होतं?"

"तुह्या बाबानं शपथ घातली होती."

"मी ते नाई विचारून राहिली. माहीत होतं?"

"होतं."

"त्या दिवशी सांगितलं असतं तं मी त्याच दिवशी जुनी चालू केली असती."



प्रणालीने कारखान्यात सगळं लिहून दिलं. वर्षभराने त्यांनी लेप पातळ केला. गोळी अजून खपते. लेप बदलेपर्यंत किती जणांनी ती भरलेलीच बाहेर टाकली, ते कोणाला ठाऊक नाही. प्रणाली नोकरी सोडून इंदूरला गेली, तिथे औषधं तपासायच्या कामात आहे. चिंधू पुढच्या हिवाळ्यात झोपेतच गेला. त्याचं पोरगं आता सौंसरच्या रस्त्यावर टायरचं दुकान चालवतं, आणि बरं चालवतं.

पंचफुला पांढुर्ण्यातच आहे. गुडघे गेले, एका डोळ्याने धूसर दिसतं. प्रणालीचा रोज फोन येतो. कशी हायस विचारते, पंचफुला बरी हाय म्हणते. मग प्रणाली समोरच्या घरातल्या वैशालीला फोन लावते आणि आई खरंच बरी आहे का, ते तिला विचारते. वैशालीच्या ओसरीवरचं बोलणं पंचफुलाला घरात बसून ऐकू येतं.