एक दिवस तूप, एक दिवस मीठ

नळीची भिंत आणि तिच्यावरचा दाब या विषयात राघोत्तमरावांच्या तोडीचा माणूस अख्ख्या मद्रासेत नाही, असं रेल्वेच्या कारखान्यातले लोक मानत. लोक म्हणजे मुख्यतः राघोत्तमराव. तंजावरच्या या गृहस्थाचं सारं आयुष्य इंजिनांचे बॉयलर तपासण्यात गेलं होतं. आता निवृत्ती दारात उभी होती आणि त्यांना मुदतवाढ हवी होती. कारण आपण गेलो की एकेक बॉयलर फुटणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. अडलं होतं ते फक्त डॉक्टरच्या दाखल्यापाशी.

मद्रासेतल्या तिरुवल्लिकेणी भागातले डॉक्टर कृष्णस्वामी मूळचे त्यांच्या गावचेच, तंजावरचे. त्यामुळे औषधाआधी ओरडा मिळे.

"राघोत्तम, रक्ताचा दाब भरमसाट, आणि कोलेस्टेरॉलही तसंच! एकच असतं तर निभावलं असतं रे. दाबानं धमनीचं आतलं अस्तर दुखावतं, आणि तिथून चरबी भिंतीत शिरते. भिंत जाड होते, ताठरते, वाट अरुंद होते. दोघं मिळून घात करतात."

"कळलं. बॉयलरच्या नळीत बसतो तसा क्षारांचा थर. आतून खरवडायचा."

"हा थर भिंतीवर नाही, भिंतीत बसतो. खरवडायला गेलो तर भिंतच हातात येईल. तूप सोड, मीठ तोड. तीन महिन्यांनी ये, मग दाखल्याचं बघू."

या सगळ्यातून राघोत्तमरावांनी 'दोघं मिळून' एवढंच उचललं. घरी येऊन त्यांनी पत्नीला, भवानीबाईंना, योजना सांगितली : दोघांची गाठच पडू द्यायची नाही. एक दिवस तूप, एक दिवस मीठ.

"म्हणजे तुपाच्या दिवशी सांबार अळणी की?"

"अळणी. पण तूप सढळ हातानं वाढ. भरपाई नको?"

"आणि मिठाच्या दिवशी?"

"लोणचं, तळलेले अप्पळम-पापड, सगळं."

"अय्यो, ते तेलात तळतात हो!"

"तेल आपल्या खात्यात येत नाही."

"डॉक्टरांना तरी विचारायचं."

"त्याला काय कळतंय दाबातलं?"

पद्धत चोख पाळली गेली. एकदा सत्यनारायण नेमका मिठाच्या दिवशी आला. तुपात थबथबलेला प्रसाद नाकारणं पाप. म्हणून राघोत्तमरावांनी हात जोडून देवाला अडचण समजावली आणि आपला शिरा दुसऱ्या दिवशी खाल्ला. कारखान्यात दोघातिघांनी ही पद्धत लिहून घेतली.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी दाब मोजला, रक्ताचा अहवाल वाचला, आणि चष्मा काढून ठेवला.

"दोन्ही वाढलंय. खात काय होतास?"

राघोत्तमरावांनी अभिमानानं सांगितलं.

"अरे, सोमवारची चरबी मंगळवारी रजेवर जाते की? ती रक्तातच फिरत असते, आणि दाबही तिथंच असतो. भिंत काय वार बघून जाड होते?"

राघोत्तमरावांनी बोटांवर वार मोजले.

"मग आठवड्याच्या पाळ्या लावू?"

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. दाखला दिला नाही.

मुदतवाढ नामंजूर झाली. निरोपसमारंभात राघोत्तमरावांनी सहकाऱ्यांना येणाऱ्या स्फोटांसाठी धीर दिला आणि घरचा पत्ताही देऊन ठेवला.

डिझेलची इंजिनं येऊ लागली होती, आणि त्यांना वाफेचा बॉयलरच नव्हता. खात्यानं राघोत्तमरावांची जागा भरलीच नाही.