वाचन थांबले ते पान

त्या दिवशी सकाळी मी एका कादंबरीच्या एकशे बाराव्या पानावर होते. मिठाचा समुद्र, पक्ष्यांनी ओढलेली जहाजं आणि आईचा आवाज बाटलीत भरून निघालेला एक खलाशी. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, गॅसवर दूध तापत होतं आणि मी शेऱ्याचं पहिलं वाक्य मनात जुळवत होते, तेवढ्यात फोन वाजला. माझ्या धाकट्या भावाची बायको बोलत होती. ती रडत नव्हती. म्हणाली, "ताई, हे गेले. ऑफिसच्या जिन्यात दम लागला म्हणून बसले, ते उठलेच नाहीत." मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला, दूध उतरवलं, आणि मग, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, टेबलाशी परत जाऊन तो शेरा पुरा केला, गुण भरले, पाठवून दिले आणि त्यानंतर पायात चपला घातल्या.

आम्ही दोघं बहीण-भाऊ जोडीने बारा वर्षं एका स्पर्धेसाठी वाचत होतो. ज्यांना प्रकाशक मिळत नाही आणि जे स्वतःच आपलं पुस्तक छापतात, त्यांच्या अद्भुत कादंबऱ्यांची स्पर्धा. दर वर्षी तीनशे पुस्तकं येत आणि वाचकांच्या पाच जोड्यांमध्ये साठ-साठ वाटली जात. आमचा संयोजक मूळचा मोजणी खात्यातला असल्यामुळे, आणि तगादा लावण्यात त्याचा हात कुणी धरत नसल्यामुळे, सगळे त्याला मुकादम म्हणत. त्याने घालून दिलेले नियम साधे होते. प्रत्येक पुस्तकाची तीस पानं वाचायचीच. मन रमलं तर पुढे जायचं, नाही तर थांबायचं, आणि संगणकावरच्या सामायिक तक्त्यात 'वाचन थांबले ते पान' या रकान्यात आकडा प्रामाणिकपणे भरायचा. दोघांपैकी कुणाचाही शेरा दुसऱ्याला आधी दिसत नसे. आपला पाठवला की मगच जोडीदाराचा उघडे. आणि जे पुस्तक तिसाव्या पानावर थांबलं ते यादीतून गेलं, ते पुन्हा कुणी उघडत नसे.

धाकटा माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण वाचनात माझा बाप होता. एका जाडजूड कादंबरीवर त्याने लिहिलं होतं, "पहिल्या प्रकरणात चौदा नावं. मी वाचत नव्हतो, हजेरी घेत होतो." दुसऱ्या एकीवर, "नकाशा सुंदर आहे. लेखकाने तिथे एकदा जाऊन यायला हवं होतं." पण जे पुस्तक तो सोडून देई त्याला टोमणा मारत नसे. तिथे फक्त "लेखकाला शुभेच्छा" एवढंच असायचं. हे दोन शब्द दिसले की मी समजून घेई. त्या सगळ्या ढिगातून एखादं अस्सल पुस्तक हाती लागावं, जे जगात अजून कुणालाच ठाऊक नाही असं, एवढ्यासाठी आम्ही हा उद्योग करत होतो. तो म्हणायचा, "ताई, एक दिवस असं मिळेल की पानं मोजायचं भान राहणार नाही. ज्याला आधी मिळेल त्याने फोन करायचा. वेळ-काळ बघायचा नाही." बारा वर्षांत तसा फोन आला नव्हता.

तीन आठवड्यांनी मुकादमाने विचारलं, "आठ पुस्तकं राहिलीत तुमच्या जोडीची. दुसरा वाचक शोधतोय मी. तुम्हाला जमेल का? नाही म्हणालात तरी चालेल, मी काही राक्षस नाही." मला घरात काहीतरी करायला हवंच होतं. पूर्वजांच्या सावल्या वारशाने मिळतात अशा एका शहराची कादंबरी मी चार दिवसांत संपवली आणि शेरा पाठवला. तक्ता क्षणभर थांबला आणि शेजारचा, धाकट्याचा रकाना उघडला.

"भाषा स्वच्छ. घाई नाही. एकच पात्र आहे, टेबलाशी बसून वाचणारी बाई, पण तिला नीट पाहिलं आहे. कपाळावरचा चष्मा ती घरभर शोधते ते आवडलं. शेवटच्या पानापर्यंत वाचलं."

त्या कादंबरीत अशी बाई नव्हती. मला वाटलं, दुसऱ्याच पुस्तकाचा शेरा त्याने चुकून इथे टाकला असेल, जायच्या आधी कधीतरी. पण ती कादंबरी ज्या पाकिटातून आली त्यावरचा टपालाचा शिक्का तो गेल्यानंतरच्या नवव्या दिवसाचा होता. मी भावजयीला फोन करून, अगदी सहज विचारल्यासारखं, त्याच्या नावाने आलेल्या पुस्तकांचं विचारलं. ती म्हणाली, "सगळी पाकिटं दाराशीच आहेत, ताई. मी फोडलेली नाहीत. फोडू तरी कशाला? मला परीराज्यातलं काय कळतंय? त्यांनाच हौस."

मग मी मुकादमाला तो शेरा फोनवर वाचून दाखवला. मी फोनवर असतानाच त्याने तक्ता उघडला, कळफलकावरच्या त्याच्या बोटांचा आवाज मला ऐकू येत होता.

"कुठल्या रकान्यात म्हणता? इथे कोरा आहे."

"माझ्या शेजारच्या."

त्याने विचारलं, "जेवलात का तुम्ही?"

त्यानंतर हा विषय मी कुणाकडे काढला नाही. भीती वाटली का, असं कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते आणि ते खरं होतं. भीतीला जागाच नव्हती. मी दुसरं पुस्तक कधी नव्हे इतक्या झपाट्याने वाचलं, कारण ते वाचून शेरा पाठवल्याशिवाय त्याचा शेरा उघडणार नव्हता.

"बाई अजून वाचतेच आहे. मंगळवारी दूध उतू जातं आणि ती ते पुसत नाही, तो प्रसंग जमला आहे. मधला भाग रेंगाळतो. पान २९०."

पुस्तक चारशे दहा पानांचं होतं. मी स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर दुधाचा पापुद्रा वाळून तसाच होता. मला आधी आठवलं ते एवढंच, की धाकट्याने कुठलंही पुस्तक दोनशे नव्वद पानं वाचून सोडलेलं नव्हतं. इतकं वाचल्यावर तो भिडेखातर संपवायचा.

तिसऱ्या पुस्तकाला आकडा होता १७१. "तोच रस्ता, तीच खुर्ची. पात्राला काही हवं आहे असं वाटत नाही."

त्या दुपारी मी टेबल ओढत खिडकीशी नेलं. शेरा वाचून लगेच तसं करणं मूर्खपणाचं आहे हे कळत होतं. तरी मी कॉलेजमधल्या एका मैत्रिणीला बोलावलं. तिचा आवाज असा, की तिला आम्ही सगळ्या भोंगा म्हणत असू. ती आली आणि दारातूनच सुरू झाली.

"काय गं हे! घर आहे का गोदाम? पुस्तकांना बसायला जागा आहे आणि माणसांनी काय उभं राहायचं?"

"बस की. ती राजकन्या उचल आणि तिथे बस."

"ही? हिच्या हातात तलवार आहे आणि अंगावर थंडीचे कपडे नाहीत. पडसं होईल बाईला." मग आवाज उतरवून म्हणाली, "तू झोपतेस का नीट?"

मी हसले, पुष्कळ बोलले, मुद्दाम जुन्या गोष्टी काढल्या, तिच्या नवऱ्याची नक्कल केली. ती डोळे पुसेस्तोवर हसली. ती हसत असताना मी मनात म्हणत होते, हे बघ, घडतंय काहीतरी. ती गेल्यावर घर एकदम रिकामं झालं. मी चौथ्या पुस्तकाची उरलेली पानं संपवली आणि शेरा पाठवला.

"टेबल खिडकीशी नेलं आहे. लेखकाची धडपड दिसते. मैत्रिणीची पानं बरी आहेत, पण बाई हसताना वाचणाऱ्याकडे बघते. मैत्रीण गेल्यावर तिच्या कपात उरलेला गार चहा बाई पिऊन टाकते. ते एक खरं आहे. पान ९६."

पाचवं पुस्तक घेऊन मी गाडीत बसले आणि ज्या गावी माझं कुणी नव्हतं तिथे उतरून दोन दिवस राहिले. लॉजच्या खोलीत, बाजारात, पुलावर, जिथे जाईन तिथे मी स्वतःला बाहेरून पाहत होते. उजवीकडे वळावं की डावीकडे, ओळख नसलेल्या माणसाशी बोलावं की नको, हे मी तो कशाने थांबेल याचा हिशेब करून ठरवत होते. परत आल्यावर वाचलं, "प्रवास आहे. ओढूनताणून. पान ५८."

मग माझा धीर सुटला. तक्ता उघडा ठेवून मी भर दुपारी त्याला मोठ्याने हाका मारल्या, लहानपणी गच्चीवरून मारायचे तशा. समोरच्या घरातली खिडकी लागली. त्या दिवशी सकाळी मी बरं म्हणाले, शेरा पुरा केला, ते सगळं मी त्या रकान्यासमोर बोलून टाकलं आणि क्षमा मागितली. सहाव्या पुस्तकावर त्याने लिहिलं, "रडणं येतं. अपेक्षित होतं. पान ४४."

सातव्या पुस्तकासाठी मी काहीच केलं नाही. करण्यासारखं उरलंही नव्हतं. शेरा पाठवला आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"नियम आहे म्हणून तीस पानं वाचली. लेखकाला शुभेच्छा."

आठवं पुस्तक मी आठवडाभर उघडलं नाही. मुखपृष्ठ कुणीतरी रंगीत पेन्सिलींनी स्वतःच काढलेलं, आणि मागे चार ओळींची ओळख. लेखिका एका रुग्णालयात परिचारिका होती आणि आठ वर्षं सुट्टीच्या दिवशी लिहीत होती. तिच्या कादंबरीत दर चाळीस वर्षांनी डोंगर बेसूर होतात आणि खालच्या खोऱ्यातली माणसं एकमेकांची नावं विसरू लागतात. तेव्हा काही बायका हातोड्या घेऊन वर चढतात आणि डोंगर पुन्हा सुरात लावतात. त्यांतल्या सगळ्यात धाकटीला एका कानाने ऐकू येत नाही. यात नकाशा नव्हता, भविष्यवाणी नव्हती, एकही राजा नव्हता. मी नवव्या पानावर होते, आणि पुढच्या वेळी आकडा पाहिला तेव्हा दोनशे त्रेचाळीसाव्यावर. खोलीत संध्याकाळचं ऊन आलं होतं आणि माझा हात आपसूक फोनकडे गेला होता. त्याचा नंबर अर्धा लावून झाल्यावर मी थांबले.

मी ते पुस्तक दोनदा वाचलं. असं पुस्तक बारा वर्षांत आमच्या हाती लागलेलं नाही हे मी कुठेही, कुणाहीसमोर सांगेन.

मुकादमाचा फोन सोमवारी आला. "यादी अडलीय तुमच्या एका पुस्तकापायी. दुसरा वाचक काही मिळत नाही. तुमच्या एकटीचा शेरा आला तरी मी ते अंतिम यादीत घालतो, माझ्या जबाबदारीवर. शुक्रवारपर्यंत द्या. कसं आहे, बरं आहे का?"

"चांगलं आहे," मी म्हणाले.

"मग घोडं कुठे अडलंय?"

बुधवारी त्याने लेखिकेचं पत्र पुढे पाठवलं. तिने लिहिलं होतं, "निकालाबद्दल विचारत नाही. पुस्तक कुणी उघडलं का, तेवढं कळलं तर बरं होईल. घरी अजून कुणी वाचलेलं नाही."

शेरा मी त्याच दिवशी लिहिला. दोन पानांचा झाला. त्यातलं एकही वाक्य मला बदलावंसं वाटत नाही. तो पाठवला की शेजारचा रकाना उघडेल, आणि तिथे तिसाहून लहान आकडा असेल, किंवा मुकादमाला दिसतो तसा तो मलाही कोराच दिसेल. तो उघडेपर्यंत यातलं काहीही झालेलं नाही. अलीकडे मी पाणी पिताना पेला आवाज न करता ठेवते. पडदा सरकवते आणि पुन्हा होता तसा करते. कधी कधी पाठीमागे पान उलटल्यासारखं वाटतं आणि मी मान वळवत नाही, कारण तसं तर कुठलीही बाई करील.

शुक्रवारी मुकादमाने चारदा फोन केला. त्यानंतर केला नाही. अंतिम यादी लागली, तिच्यात दहा पुस्तकं आहेत आणि त्या परिचारिकेचं नाही. तिच्या पत्राचं उत्तर माझ्याकडून गेलेलं नाही. शेराही मी अजून पाठवलेला नाही.